मुरलेले खेळाडू द्यावेत की धरून ठेवावेत? तळाच्या फूटी क्लबपुढचे रस्ते

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्न शहरातल्या दोन क्लबांनी एकाच प्रश्नाला उलटी उत्तरे दिली. एएफएलच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (फूटीच्या) अव्वल लीगच्या, तक्त्यात चौदाव्या आलेल्या मेलबर्न क्लबने ख्रिश्चन पेट्राका आणि क्लेटन ऑलिव्हर या आपल्या दोन बड्या मिडफिल्डरना जाऊ दिले. पेट्राका गोल्ड कोस्टला गेला, ऑलिव्हर जायंट्सला. पंधराव्या आलेल्या एसेंडनचा कर्णधार झॅक मेरेट मात्र स्वतःच म्हणत होता की मला हॉथॉर्नला जाऊ द्या. हॉथॉर्नने बदल्यात ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या निवडी, म्हणजे नवे तरुण खेळाडू आधी उचलण्याचे हक्क, पुढे केल्या, तरी एसेंडन बधले नाही. खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपली आणि मेरेट होता तिथेच राहिला.

पेट्राका म्हणजे २०२१ च्या ग्रँड फायनलमध्ये नॉर्म स्मिथ पदक घेतलेला खेळाडू. मेलबर्नला ५७ वर्षांनी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचे विजेतेपद, मिळाली त्या रात्री मैदानात सगळ्यांत उजवा तोच होता. असा माणूस जाऊ देणे योग्य, की मेरेटसारख्याला नको म्हणत असताना बांधून ठेवणे योग्य? मेलबर्नमधल्या कितीतरी मराठी घरांत आता मुलांनी शाळेत निवडलेला क्लब हाच घराचा क्लब झाला आहे आणि त्यातले बरेच क्लब सध्या तक्त्याच्या खालच्या अंगाला आहेत. अशा क्लबची मेंबरशिप घरात असेल तर हा प्रश्न नुसता गप्पांचा उरत नाही. व्हिक्टोरियातल्या बहुतेक क्लबांत मेंबरला संचालक मंडळासाठी मत असते, आणि ते मत देताना कोणत्या धोरणामागे उभे राहायचे हे ठरवावे लागते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. तळाच्या क्लबने मुरलेले खेळाडू जरूर द्यावेत, पण एकाच ऑक्टोबरमध्ये सगळे नव्हेत आणि ज्याची जागा घ्यायला मागे कोणी उभे नाही असा तर मुळीच नव्हे. आता दोन्ही बाजूंचा हिशोब मांडतो.

व्यवहार चालतो कसा

आयपीएल बघणाऱ्याने आधी काही फरक ध्यानात घ्यावेत. इथे लिलाव नाही आणि खेळाडू रोख पैशाला विकता येत नाही. बदल्यात मिळतो दुसरा खेळाडू, नाहीतर ड्राफ्टमधली निवड, म्हणजे साधारण अठरा वर्षांच्या मुलांमधून आपल्या पाळीला एक मुलगा उचलण्याचा हक्क. ड्राफ्ट नोव्हेंबरमध्ये होतो आणि त्यात तळाच्या क्लबची पाळी पहिली. २०१५ पासून पुढच्या वर्षाच्या निवडीही देता-घेता येतात. करार चालू असलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय कुठे धाडता येत नाही. २०१२ पासून फ्री एजन्सी आहे: क्लबमध्ये पुरेशी वर्षे काढलेला खेळाडू करार संपल्यावर आपल्या मर्जीने जाऊ शकतो आणि सोडणाऱ्या क्लबला लीग भरपाई म्हणून एखादी निवड देते.

पैशाबद्दलही एक गोष्ट. पगाराच्या मर्यादेचा किमान ९५ टक्के भाग प्रत्येक क्लबला खर्चावाच लागतो. तेव्हा महागडा खेळाडू घालवला म्हणून क्लबचे पैसे वाचले, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ते पैसे दुसऱ्या कोणाला तरी द्यावेच लागतात, आणि तळाच्या क्लबकडे ते घ्यायला चांगला खेळाडू सहसा येत नाही.

देण्याची बाजू: हॉथॉर्न

देण्याच्या बाजूने सगळ्यांत भक्कम दाखला हॉथॉर्नचा. त्यात एकच माणूस दोन वेगवेगळ्या बाजूंनी उभा आहे, म्हणून तो नीट बघण्यासारखा आहे.

सॅम मिचेल २००८ च्या प्रीमियरशिपचा कर्णधार. २०१३, २०१४ आणि २०१५ च्या लागोपाठ तीन प्रीमियरशिपांतही तो होता. २०१६ मध्ये हॉथॉर्न तिसरे आले, पण फायनल्समध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या निर्णायक सामन्यांत, दोन्ही सामने हरून बाहेर पडले. त्याच ऑक्टोबरमध्ये क्लबने चौतिशीतल्या मिचेलला वेस्ट कोस्टला आणि जॉर्डन लुइसला मेलबर्नला धाडले. चाहते हळहळले. त्यांच्या जागी सिडनीकडून टॉम मिचेल आणि गोल्ड कोस्टकडून जेगर ओमेरा आले. टॉम मिचेलने २०१८ चे ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकले. त्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याने ५४ वेळा चेंडू मिळवून विक्रम केला.

मग सॅम मिचेल प्रशिक्षक म्हणून परत आला. २०२२ चा त्याचा पहिला हंगाम तेराव्या क्रमांकावर संपला आणि त्यानंतर त्याने टॉम मिचेल कॉलिंगवूडला आणि ओमेरा फ्रीमँटलला जाऊ दिला. जॅक गन्स्टन ब्रिस्बेनला गेला. मोबदला फारसा नव्हता. ब्राउनलो पदकवाल्याच्या बदल्यात कोणी पहिल्या फेरीची निवडही दिली नाही. वर्षभरात टॉम मिचेल कॉलिंगवूडकडून प्रीमियरशिप जिंकून मोकळा झाला, तर हॉथॉर्न सोळावे आले. तेव्हा ज्यांनी क्लबला नावे ठेवली त्यांना दोष देता येत नाही.

पण त्या व्यवहारातली खरी कमाई निवडींमध्ये दिसतच नव्हती. ती सेंटर बाउन्सच्या वर्तुळात, म्हणजे मैदानाच्या मध्यावर चेंडू आपटून खेळ सुरू होतो तिथे, दिसत होती. दर सामन्यात टॉम मिचेल आणि ओमेरा जी मिनिटे खेळायचे ती जय न्यूकम आणि विल डे यांना मिळाली. न्यूकम २०२१ च्या मध्य-हंगामी ड्राफ्टमधून आलेला, डे २०१९ चा तेराव्या क्रमांकाचा. दोघेही आधीपासून क्लबमध्येच होते आणि जागा मोकळी होण्याची वाट बघत होते. २०२४ मध्ये हॉथॉर्नने पहिले पाचही सामने गमावले आणि तरी सातवे आले, एलिमिनेशन फायनलमध्ये वेस्टर्न बुलडॉग्जना हरवले आणि पोर्ट ॲडलेडकडून फक्त ३ गुणांनी हरले. २०२५ मध्ये ते प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या फेरीपर्यंत, गेले.

हॉथॉर्नने काय राखले तेही बघा. बचावफळीत जेम्स सिसिली राहिला आणि पुढे कर्णधार झाला. गोलपाशी ल्यूक ब्रूस्ट राहिला. ज्या ऑक्टोबरमध्ये दोन मिडफिल्डर गेले त्याच ऑक्टोबरमध्ये पोर्टकडून कार्ल एमन हा चांगला खेळलेला गडी आला आणि फ्रीमँटलकडून लॉइड मीक. वर्षभराने गन्स्टनही परतला. म्हणजे जिथे तरुण तयार होते ती एकच फळी मोकळी केली, बाकीच्या फळ्यांतले जाणते, गन्स्टन सोडता, हलवले नाहीत.

त्याच बाजूचा दुसरा चेहरा: नॉर्थ मेलबर्न

नॉर्थने २०२० च्या शेवटी केले ते याच्या नेमके उलटे. ३ विजयांनी हंगाम संपला आणि क्लबने एका झटक्यात ११ खेळाडूंना नवा करार नाकारला. त्याखेरीज बेन ब्राउन मेलबर्नला गेला, शॉन हिगिन्स जिलाँगला. ब्राउनने २०१७ ते २०१९ या तिन्ही हंगामांत ६० च्या वर गोल केले होते. नॉर्थ सोडल्यावर पहिल्याच वर्षी तो मेलबर्नच्या प्रीमियरशिप संघात होता. पुढच्या वर्षी अनुभवी बचावपटू रॉबी टॅरंटही रिचमंडला गेला.

२०२० ते २०२४ या पाच हंगामांत नॉर्थने मिळून १५ सामने जिंकले. २०२१ मध्ये शेवटचे आले, २०२२ मध्ये पुन्हा शेवटचे. तळाला राहिल्याचे बक्षीस म्हणून पहिल्या क्रमांकाचा जेसन हॉर्न-फ्रान्सिस मिळाला, तो एका हंगामानंतर घरी ॲडलेडला जायचे म्हणून पोर्टला गेला. त्या व्यवहारातून आलेल्या निवडींवर हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ मिळाले हे खरे. शीझल तर पहिल्याच वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे गुणवत्ता आली. विजय आले नाहीत.

ते का आले नाहीत, हे टीव्हीवर कळत नाही. मैदानात गोलाच्या मागे बसले की कळते. समोरच्याचा गोल थोडक्यात हुकला तरी त्याला एक गुण मिळतो, आणि मग बचावफळीतला एकजण चेंडू परत खेळात मारतो. त्या दहा-पंधरा सेकंदांत चेंडूकडे न बघता बाकीच्यांकडे बघावे. तिशीतला बचावपटू चालता चालता शेजारच्या पोराची जर्सी कोपरापाशी धरतो, त्याला दोन पावले पुढे ओढतो, बोटाने विंगकडे दाखवतो आणि स्वतःच्या छातीवर थाप मारतो: हा माझा, तू तिकडे जा. पोरगा मान डोलावतो आणि सरकतो. पुढचा हल्ला त्याच बाजूने येतो तेव्हा तो तिथे असतो. एका सामन्यात असे तीस-चाळीस वेळा होते. ज्या संघात असे कोपर धरणारे एक-दोघेच उरतात तिथे चार पोरे एकमेकांकडे बघत राहतात आणि गोल जातो. या शिकवणीची किंमत कोणत्याही निवडीत मांडलेली नसते, म्हणून क्लब ती सहज विसरतात.

नॉर्थला ती पुढे कळलीच. २०२४ च्या शेवटी त्यांनी सिडनीकडून ल्यूक पार्कर, वेस्ट कोस्टकडून जॅक डार्लिंग आणि बुलडॉग्जकडून केलेब डॅनियल आणले. पार्कर आणि डार्लिंग दोघेही बत्तिशीतले. चार वर्षांपूर्वी ज्या वयाचे खेळाडू मोडीत काढले त्याच वयाचे बाहेरून आणावे लागले.

मेलबर्न क्लबचाही हाच अनुभव जुना आहे. २०१० च्या शेवटी कर्णधार जेम्स मॅकडोनल्डला तरुणांसाठी जागा करून द्यायला लावली. ३० जुलै २०११ ला जिलाँगने त्यांना १८६ गुणांनी धुतले आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक डीन बेली यांची नोकरी गेली. पहिल्या क्रमांकाने घेतलेला टॉम स्कली त्याच वर्षाअखेर नव्या जायंट्स क्लबकडे निघून गेला.

धरून ठेवण्याची बाजू

मग राखावेत का? वेस्ट कोस्टने राखले. २०१८ ची प्रीमियरशिप जिंकलेला गाभा त्यांनी जपला, त्यात २०१९ अखेर जिलाँगच्या टिम केलीसाठी पहिल्या फेरीच्या निवडी ओतल्या. जॉश केनेडी २०२२ मध्ये निवृत्त झाला. शॅनन हर्न, ल्यूक शुई आणि निक नाइटनुई २०२३ मध्ये. चौघांनी क्लबची सेवा अखेरपर्यंत केली आणि चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, ते योग्यच. पण क्लबच्या हाती बदल्यात काही उरले नाही. २०२२ मध्ये २ विजय, २०२३ मध्ये ३, २०२४ मध्ये ५, २०२५ मध्ये १. मधे एकदा सिडनीकडून १७१ गुणांनी हार. २०२२ च्या हंगामात कोविड आणि दुखापतींनी त्यांचे कंबरडे मोडले होते हे मान्य, तरी चार वर्षांचा दोष एका वर्षाच्या आजारपणावर टाकता येत नाही.

रिचमंडने तर घसरण सुरू झाल्यावर आणखी डाव लावला. २०२२ अखेर जायंट्सचे टिम टॅरँटो आणि जेकब हॉपर यांना निवडी देऊन आणले आणि दोघांशी सात-सात वर्षांचे करार केले. २०२३ मध्ये ते तेरावे आले, २०२४ मध्ये २ विजयांसह शेवटचे. तेव्हा कुठे दार उघडले आणि शाय बोल्टन, डॅनियल रिओली, लियम बेकर असे प्रीमियरशिप जिंकलेले खेळाडू एकाच ऑक्टोबरमध्ये गेले. नोव्हेंबरमध्ये सॅम लेलर पहिल्या क्रमांकावर आला आणि त्याच्यामागे पोरांची रांगच लागली. २०२५ च्या पहिल्या सामन्यात या पोरांच्या संघाने कार्लटनला हरवले. वर्षअखेर ते सतरावे होते.

धरून ठेवण्याचा सगळ्यांत बोलका धडा पुन्हा एसेंडनचाच आहे. २०१९ मध्ये त्यांचा उंच फॉरवर्ड जो डॅनिहर सिडनीला जाऊ मागत होता. सिडनीने पहिल्या फेरीच्या निवडी देऊ केल्या. एसेंडनने नाही म्हटले. पुढच्या हंगामात दुखापतीमुळे तो चारच सामने खेळला आणि करार संपताच फ्री एजंट म्हणून ब्रिस्बेनला गेला. भरपाईत सातवी निवड मिळाली. ती वाईट नव्हती, पण वर्ष गेले ते गेलेच. डॅनिहरने २०२४ ची प्रीमियरशिप ब्रिस्बेनच्या जर्सीत जिंकली.

राखण्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. कर्णधार मागेल तेव्हा सुटतो हे एकदा दिसले की बाकीचे सामान बांधू लागतात. ब्रिस्बेनमधून २०१३ च्या शेवटी पाच तरुण एकदमच निघाले. सॅम डोकर्टी, इलियट यो, जॅरेड पोलेक, बिली लाँगर आणि पॅट्रिक कार्नेझिस. त्यातून सावरायला क्लबला पाच वर्षे लागली.

ब्रिस्बेनने काढलेली वाट

तेच ब्रिस्बेन पुढे काय करते हे या तुलनेत मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. २०१७ मध्ये ते शेवटचे आले. प्रशिक्षक क्रिस फेगन यांचे ते पहिले वर्ष. ड्राफ्टमधून ह्यू मॅक्लगेज, जॅरड बेरी, कॅम रेनर असे तरुण आलेच होते. त्यांच्यासोबत निवृत्त होऊ घातलेल्या ल्यूक हॉजला आणले. हॉथॉर्नचा हा माजी कर्णधार तिथे दोन हंगाम खेळला. ॲडलेडकडून चार्ली कॅमेरॉन आला.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच हंगामात कर्णधारपद सोडलेल्या डेन बीम्सने कॉलिंगवूडला परतायची इच्छा सांगितली. ब्रिस्बेनने अडवले नाही, पण पहिल्या फेरीच्या दोन निवडी वसूल केल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये फ्रीमँटलकडून लॅची नील आणला, जिलाँगकडून लिंकन मॅकार्थी, आणि गोल्ड कोस्टने यादीतून काढलेला जॅरिड लायन्स उचलला. एक मिडफिल्डर गेला, तर दोन आले. २०१८ मध्ये ५ सामने जिंकलेला संघ २०१९ मध्ये साखळीत दुसरा आला. नीलने २०२० आणि २०२३ ची ब्राउनलो पदके जिंकली, क्लबने २०२४ आणि २०२५ च्या प्रीमियरशिप.

इथे 'द्यायचे की राखायचे' हा वादच बाजूला पडतो. जाणारा गेला तरी त्या फळीत मोठा माणूस राहिलाच पाहिजे, एवढा नियम ब्रिस्बेनने पाळला.

तुमच्या क्लबसाठी

तेव्हा ठरवताना मी वय आणि करार एकत्र बघतो. आपला संघ पुन्हा फायनल्समध्ये जाईल असे ज्या वर्षी वाटते त्या वर्षी हा खेळाडू किती वर्षांचा असेल? एकतिसाच्या आत असेल तर राखा, मग बाहेरून कितीही मोठा प्रस्ताव येवो. त्यापुढे जात असेल आणि कराराची दोन वर्षे उरली असतील तर बाजारात त्याची किंमत सगळ्यांत जास्त असण्याची हीच वेळ. शेवटच्या वर्षात गेल्यावर सूत्रे खेळाडूच्या हाती जातात. फळीचा विचार मात्र याच्याही आधी. ज्याच्यामागे न्यूकम आणि डे उभे आहेत तो मिडफिल्डर खुशाल जाऊ द्यावा. बचावफळीतला एकमेव जाणता असेल तर बदल्यात तसाच दुसरा येईपर्यंत त्याला हलवू नये.

या कसोटीवर मेलबर्नचा पेट्राकाबाबतचा निर्णय मला पटतो. तो २९ वर्षांचा होता, करार २०२९ पर्यंतचा, म्हणजे किंमत क्लबच्या हातात होती. ऑलिव्हरचा व्यवहार पटत नाही. त्याचा भाव आधीच उतरला होता आणि त्याच्या पगाराचा काही भाग मेलबर्नच भरणार, तेव्हा गाभ्यातला दुसरा माणूस त्याच महिन्यात घालवून हाती फार काही आले नाही. मॅक्स गॉन आणि जॅक विनी तिथे राहिले, म्हणून नॉर्थसारखी गत होईल असे मला वाटत नाही.

मेरेटला मी सोडले असते. त्याच ऑक्टोबरमध्ये तो तिशीत पोचला, करार २०२७ पर्यंतचा. एसेंडनने २००४ नंतर एकही फायनल्सचा सामना जिंकलेला नाही आणि हा तरुण संघ तिथवर पोचेल तेव्हा मेरेट तेहतिशीच्या घरात असेल. फक्त निवडींवर मात्र समाधान मानले नसते. हॉथॉर्नच्या यादीतला एक तयार मिडफिल्डर त्या बदल्यात आलाच पाहिजे असा हट्ट धरला असता, आणि तो मिळत नसेल तरच मुदत जाऊ दिली असती.

आणखी एक गोष्ट क्लबच्या सभेत जरूर विचारा: मिळणाऱ्या निवडी कोणत्या वर्षाच्या? टास्मानियाचा नवा क्लब २०२८ मध्ये खेळायला उतरणार आहे आणि त्याची संघबांधणी व्हावी म्हणून २०२७ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या अनेक निवडी त्याच्याकडे जाणार आहेत. बाकीच्यांच्या पाळ्या तेवढ्या मागे सरकतील. तुमच्या क्लबचा मुरलेला खेळाडू २०२७ च्या निवडीवर जात असेल, तर कागदावर दिसतो त्यापेक्षा भाव कमी पडतो आहे असे समजा आणि सोबत एक खेळाडू मागा.